खुणेवरचा ट्रेबल

डीजेच्या भिंतींविरुद्ध गावोगाव गाणी म्हणत फिरणाऱ्या आमच्या पथकाचा स्वतःचाच आवाज लोकांच्या कानांना टोचतो, हे आम्हाला पहिल्यांदा सांगितलं वडूजकडच्या एका म्हातारीनं. कार्यक्रम संपला होता, आम्ही वायरी गुंडाळत होतो. ती काठी टेकत पुढं आली आणि मला म्हणाली, "पोरी, गानं बेस हाय तुमचं. पर ती तार लय वाईट वाजतीया. दातात शिरती."

मी हसले. मागं सगळेच हसले. म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता.

आम्ही पथकात पाच-सहा जण. इथं तिघांपुरतंच सांगते, आणि नावं सांगत नाही. आमच्याकडं नाव सांगितलं की लोक आधी आडनाव बघतात आणि मग ठरवतात, ऐकायचं की नाही. तर एक मी, गाणारी आणि पत्रकं लिहिणारी. दुसरे ढोलकीवाले, वयानं मोठे, त्यांना सगळे मामा म्हणायचे. आणि तिसरा गिटारवाला, आष्ट्याचा, माझ्याच वयाचा. त्याच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजायचं मशीन दाराशीच, त्यामुळं त्या घरातल्या माणसांच्या भुवयांवर बारा महिने कापूस असायचा.

आमची मागणी साधी होती. गणपती असो, यात्रा असो, उरूस असो, जयंती असो की लग्नाची वरात, ट्रॉलीवर घराएवढी स्पीकरची भिंत चढवून ती वस्तीतून फिरवायची नाही. पत्र्याचे खिळे निघतात, खिडक्यांच्या काचा तडकतात, आणि म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत बसतात. मी पत्रकात लिहिलं होतं, ‘महापुरुषांचे विचार ऐकायचे असतील तर आधी कान शिल्लक पाहिजेत.’ त्या वाक्यावरून एका गावात आम्हाला हाकलून दिलं, म्हणजे ते बरोबर लागलं होतं.

गिटारवाला आमच्यात येण्याआधी त्याच भिंतीवर बसायचा. शाळेत असल्यापासून एका साऊंडवाल्याकडं. आधी वायरी ओढायला, मग बॉक्स चढवायला, आणि मग थेट ट्रॉलीवर मिक्सरसमोर, ऑपरेटर म्हणून. गेल्या गणपतीनंतर त्यानं ते सोडलं. का सोडलंस विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला." आम्हाला कारणाची गरजच नव्हती. समोरच्या बाजूचा माणूस आपल्या बाजूला आला की चळवळीतल्या माणसाला जो आनंद होतो, तो आम्हाला झाला. प्रत्येक कार्यक्रमात मी त्याला पुढं करायचे. "हा बघा, हा स्वतः भिंतीवर बसायचा. आज आपल्याबरोबर उभा आहे." टाळ्या पडायच्या. तो मान खाली घालून तारा जुळवायचा. मला वाटायचं, लाजतोय.

त्याचा अ‍ॅम्प सांगलीतून जुना घेतलेला. गिटारचा आवाज वाढवणारी काळी पेटी, पुढं जाळी, वर पाच-सहा नॉब आणि एक छोटा पडदा. आतमध्ये सगळं डिजिटल. एकाच पेटीत हवे तितके आवाज लावून साठवून ठेवायचे आणि पायाखालचं बटण दाबलं की हवा तो आवाज हजर. मला गिटारमधलं काही कळत नाही. पण बेस म्हणजे जाड, ट्रेबल म्हणजे बारीक आणि धारदार, एवढं नॉब फिरवून बघितल्यावर कुणालाही कळतं.

मामांना ती पेटी पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. "पडद्यावर काय बघायचं गड्या? आवाज काय बघायची चीज हाय व्हय?" त्यांनी उभा जन्म भजनी मंडळाच्या माईक सेटवर काढलेला. त्या सेटचा आवाज एकदा बसला की मामा चंचीतला चुना बोटाला घ्यायचे आणि प्रत्येक बटणाच्या रेघेसमोर पेटीवर पांढरा ठिपका लावायचे. मग कुणी पोरासोरानं बटणं फिरवली तरी फिकीर नाही. पुढच्या वेळी रेघ ठिपक्यावर आणली की झालं. आमच्याकडं बहुतेक माईक सेटवर असे ठिपके दिसतील. कुणाचा चुना, कुणाचं कुंकू, कुणाची नेलपॉलिश.

तेच त्यांनी अ‍ॅम्पला केलं. पहिल्या चांगल्या कार्यक्रमानंतर, आवाज सगळ्यांना आवडला त्या संध्याकाळी, मामांनी चुना काढला आणि नॉबांपुढं ठिपके लावले. गिटारवाला नुसता बघत राहिला. म्हणाला, "मामा, मशीनला तंबाखू चारताय व्हय?"

"चारली न्हाई तर मशीनबी आळसावतंय," मामा म्हणाले.

तेव्हापासून रीतच पडली. गावात पोचलो, पेटी उतरली की वीज जोडायच्या आधी मामा वाकायचे आणि एकेक नॉब ठिपक्यावर आणायचे. निरांजन लावावं तसं, सावकाश. मग गिटारवाला अ‍ॅम्प चालू करायचा, पायानं बटण दाबायचा आणि वाजवायला लागायचा. आम्ही निश्चिंत. आवाज खुणेवर आहे.

म्हातारीनंतर दुसऱ्या गावात एक गुरुजी पहिल्या रांगेतून उठून पाठीमागं जाऊन बसले. तिसरीकडं बायकांच्या मांडीवरची पोरं पहिल्या सुरालाच रडायला लागली, एक थांबलं की दुसरं. मग मला कुत्री दिसायला लागली. कुठल्याही गावात कार्यक्रम असला की स्टेजखाली एखाददुसरं कुत्रं हमखास आडवं पडलेलं असतं, ढोलकीनंही हलत नाही. आमच्या कार्यक्रमात ते उठायचं. घाईनं नाही. उठायचं, कान मागं टाकायचं आणि गावाबाहेरच्या बाजूला चालू पडायचं. असं दर गावात व्हायला लागलं. मला ते बघवायचं नाही, पण मी बघायचे. गिटारची पहिली तार वाजली की माझी नजर आधी स्टेजखाली जायची.

मामा दर वेळी वाकून तपासायचे. "बटान खुणंवर हाय."

खुणेवर होतंच. मीही बघितलं होतं. मग दोष दुसरीकडं द्यायचा. शाळेच्या पत्र्याला दिला, वाऱ्याला दिला, भाड्याच्या स्पीकरला दिला. एकदा तर मी जीपमध्ये तावातावानं म्हणाले, "लोकांचे कानच बिघडलेत रोज डीजे ऐकून. चांगला आवाज सोसत नाही त्यांना." गिटारवाला खिडकीतून बाहेर बघत होता. मी त्याच्याकडं वळून विचारलं, "काय रे, खरं ना?" तो काही बोलला नाही. मी परत विचारलं. तो बोललाच नाही. मामा म्हणाले, "भाव खातुया." मलाही तसंच वाटलं. जो माणूस स्टेजवरून टाळ्या घेतो तो हळूहळू भाव खायला लागतो, हे मी चळवळीत पुष्कळ बघितलंय.

माण तालुक्यातल्या एका गावात हे सगळं उघडं पडलं.

उन्हं उतरत होती. मेंढरं गावाकडं परतत होती, त्यांची धूळ मंदिरासमोरच्या पटांगणावर उतरलेली. पुरुष कमीच, बरेचसे मुंबईला. समोर बायका, म्हातारे, शाळेची पोरं. मामांनी नॉब लावले. आम्ही सुरू केलं. पहिल्या गाण्यातच मला पुढच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे दिसले. भुवया वर, डोळे बारीक, जसं कुणी पाटीवर खडू उभा धरून ओढतंय. एकीनं पदर कानावर ओढला. मग दुसरीनं. कुणी उठून जात नव्हतं, पाहुण्यांचा मान म्हणून. बसून सोसत होत्या.

दुसऱ्या गाण्याच्या मधल्या वाजवण्यात मी गात नव्हते. अ‍ॅम्प माझ्या पायाशीच होता. सहज खाली बघितलं तर ट्रेबलच्या आणि आवाज लहान-मोठा करायच्या नॉबची रेघ ठिपक्यापासून एक केस सरकलेली, मामांचा धक्का लागला असेल. मी वाकले आणि दोन्ही नॉब ठिपक्यावर आणले. एक केस इकडं, एक केस तिकडं. एवढंच.

आणि आवाज एकदम खाली बसला.

बोचणारं सगळं निघून गेलं. तार लाकडासारखी गोड लागायला लागली, ढोलकीच्या पोटात शिरली. समोरच्या बायकांच्या हातातले पदर खाली आले. एक आजोबा "व्हय, आता कसं!" म्हणाले. मी अचंब्यानं त्या नॉबकडं बघत होते. नॉब केसभर हलला आणि आवाज कोसभर हलला?

गिटार थांबली.

तो उजवा हात तारांवर तसाच ठेवून अ‍ॅम्पकडं बघत होता. एक तार छेडली. टण्ण, स्वच्छ वाजली, पारापर्यंत गेली असेल. त्यानं मान हलवली. परत छेडली. मग माईककडं तोंड करून सगळ्या गावाला म्हणाला, "एक मिनिट हां. अ‍ॅम्प गेलाय."

गाव हसलं. पोरं तर खिदळलीच. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "गेला न्हाई वं, आत्ता तर आला!"

तो हसणाऱ्यांकडं बघत राहिला. मी त्याला म्हणाले, "चालू आहे. वाजव." तो माझ्या तोंडाकडं बघत होता. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. "काय?"

"चालू आहे!"

त्यानं गिटार पाठीला टाकली, गुडघ्यावर बसला, डाव्या हाताचा तळवा अ‍ॅम्पच्या जाळीवर सपाट ठेवला आणि उजवा हात मागं नेऊन तार छेडली. जाळी थरथरली असणार. तळव्याला ते कळलं. तो तसाच बसून राहिला. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून माणूस बसतो तसा. मामांची ढोलकी एकटीच चालू होती, तीही हळूहळू थांबली.

मग तो उठला आणि पायानं बटण दाबलं. तार छेडली. तो जुना, बोचरा आवाज सुरीसारखा परत आला. पुढची रांगच्या रांग मागं सरकली, एका पोरीनं दोन्ही कान घट्ट दाबले. आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. माझ्याकडं बघून हसला.

"आला," म्हणाला.

एवढं मोठं पटांगण कान दाबून बसलेलं, आणि त्यात हा एकटा माणूस समाधानानं हसतोय, हे मी आजपर्यंत विसरू शकलेले नाही.

कार्यक्रम आम्ही कसाबसा उरकला. नंतर जीपच्या मागं, पेटी चढवताना, मामांनी त्याला धरलं. "खरं सांग गड्या. माजं बटान खुणंवर हुतं का न्हवतं?"

"हुतं की."

"मग आवाज?"

त्यानं सांगितलं. अगदी सरळ, मामांना कळेल असं. ह्या मशीनमध्ये नॉब कुठं उभा आहे त्याला अर्थ नाही. घरी बसून आवाज लावला आणि साठवला की तो आत राहतो. पाय दाबला की आतला आवाज येतो, वरचे नॉब असेनात का कुठंही. पण वाजवताना कुणी नॉब हलवला, केसभर जरी, तर मशीन आतलं सोडतं आणि नॉब दाखवील तिथं उडी मारतं.

मामांनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "म्हंजे आमी रोज मढ्याला टिळा लावत हुतो."

"तुमाला बरं वाटायचं मामा. म्हनून बोललो न्हाई."

"आनि आतला आवाज कुनी लावला?"

"मीच. घरी. दर आठवड्याला जरा जरा लावायचो. खाली खाली जातोय वाटायचं." मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मला वाटलं मशीन जुनं हाय."

मी विचारलं, "मघाशी तुला काय ऐकू आलं? मी नॉब ठिपक्यावर आणला तेव्हा?"

"आमच्या दुकानात लहानपनी गाद्यांच्या ढिगाखाली लपायचो. अब्बा वरनं हाक मारायचे. तसं."

"आणि आत्ता? मी बोलतेय ते?"

"तुजं बोलनं तोंडावरनं कळतंय. जीपचं कळतंय. मदी एक शिट्टी हाय, ती सारखी हाय."

"कधीपासून?"

"गेल्या गनपतीच्या मिरवणुकीपासनं. दुसऱ्या दिवशी थांबंल म्हनलं. न्हाई थांबली."

कंटाळा आला म्हणून त्यानं भिंत सोडली नव्हती. मी त्याला गावोगाव उभं करून टाळ्या मिळवत होते आणि त्याच्या डोक्यात ती शिट्टी चालू होती.

सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडं मी त्याला ओढतच नेलं. एका छोट्या काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर एक बाई टेबलावरच्या मशीनवर आवाज वाढवत होत्या आणि मी त्यांच्या मागं उभी होते. सुरुवातीला जाड आवाज, तो भराभर बटण दाबत होता, पोर खेळल्यासारखा. मग बाईंनी आवाज बारीक केला. त्याचं बोट थांबलं. बाईंनी वाढवला. बोट थांबलेलंच. अजून वाढवला. हेडफोनच्या कडेतून तो सूर आता मला काचेबाहेर ऐकू यायला लागला, डासासारखा. बाईंनी मागं वळून माझ्याकडं एकदा बघितलं आणि अजून वाढवला. तो आत बसून काचेतून माझ्याकडं बघत होता. भुवया उंचावून विचारत होता, सुरू झालं का?

डॉक्टर चांगले होते. लपवलं नाही. म्हणाले, बारीक आवाजाचा कान दोन्ही बाजूंनी गेलाय आणि जे गेलंय ते येणार नाही. बोलण्यापुरतं शिल्लक आहे. मोठ्या आवाजापाशी परत उभा राहिलास तर तेही जाईल. त्यांनी हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

म्हणजे आता प्रश्न एकच उरला होता. जे शिल्लक आहे ते राहणार की जाणार. आणि गणपती तोंडावर आले होते.

आष्ट्याला त्याच्या घरी मीच सांगितलं. अब्बांनी मशीन बंद केलं. अम्मीनं तोंडाला पदर लावला. "बेटी, मी चुलीपासनं हाका मारती, हा फिरून बगत न्हाई. कुकर शिट्ट्या मारून मारून करपला, हा तिथंच बसलेला. मी म्हनती पोरगं माजलंय. मी ह्याला शिव्या दिल्या गं. रोज दिल्या."

"ऐकू आल्या न्हाईत अम्मी," तो म्हणाला. "बारीक आवाजात दिल्या आसतील."

तिला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं.

मी त्या आठवड्यात नवीन पत्रक लिहिलं. रागात लिहिलं, एका बैठकीत. मला काय दिसलं होतं ते मी अजून कुठं लिहिलेलं वाचलं नव्हतं. भिंत आधी खाते कुणाला? तिच्या सगळ्यात जवळ बसलेल्या पोराला, जो ती लावतो. त्याचा कान गेला की त्याला आवाज कमी वाटतो, म्हणून तो ट्रेबल वर करतो. वर केला की समोरच्या गल्लीचे कान जातात. पुढच्या वर्षी गल्लीलाही कमी वाटतो. ‘आमच्या गावांचा आवाज आज बहिरी माणसं लावतायत,’ असं मी लिहिलं, ‘आणि ती बहिरी आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.’ आमच्या तालुक्यात ट्रॉलीवर बसणारी किती पोरं आहेत? त्यातल्या एकाचे तरी कान कुठल्या मंडळानं, कुठल्या साऊंडवाल्यानं, कुठल्या साहेबानं तपासून आणलेत? मिरवणुकीला परवानगी देताना ट्रॉलीची उंची मोजतात. तिच्यावरच्या माणसाचा कान तपासत नाहीत.

छापायच्या आधी त्याला दाखवलं. त्याचंच होतं ते, नाव नसलं तरी. त्यानं दुकानात गादीवर बसून शांतपणे वाचलं.

"बहिरा शब्द मोठ्या टायपात घाल," म्हणाला. "मला लांबनं दिसंल."

"थट्टा नको करू. तुझी हरकत असली तर नाही छापत."

"छाप की. खरं हाय." मग पत्रक माझ्या हातात देत म्हणाला, "पर मी ह्या वर्षी जातोय."

"कुठं?"

"भिंतीवर. साऊंडवाल्याला व्हय म्हनलोय."

मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरचा कागद आठव म्हणाले, अम्मीकडं बघ म्हणाले, आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणाले. पैशासाठी का, तर आपण गोळा करू म्हणाले. तो माझे ओठ बघत सगळं ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "पैशाचं न्हाई."

"मग?"

"तुमच्यात बसलो की मला निम्मं कळतंय. निम्मं तोंडाकडं बगून जुळवतो. हसायच्या जागी हसतो. घरात तेच, चहाच्या गाड्यावर तेच. पोरं बोलत्यात, मी मान हलवतो. मान दुखती गं." छातीवर हात ठेवला. "भिंतीपुढं तसं न्हाई. तितं मला समदं येतं. हितं येतं, हाडात येतं. तितं कुनाला काय परत विचारावं लागत न्हाई. कारन तितं कुनालाच काय ऐकू येत न्हाई."

 

शेवटी मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला होता, "आणि ट्रेबल? तो कुठल्या कानानं लावणार आहेस? आख्ख्या आष्ट्याचा?"

तो विचारात पडला. खराच. मग म्हणाला, "तू ये की मग. वर माझ्याजवळ हुबी ऱ्हा. तू हात खाली केलास की मी खाली करतो. तुज्या कानानं लावू."

थट्टा नव्हती. तो मनापासून सांगत होता. आणि मी एक क्षण खरंच विचार केला, हे लिहिताना मला अजून धडकी भरते. गेले तर गल्लीतली म्हातारी माणसं, तान्ही पोरं जरा वाचतील. त्याचा कानही कदाचित थोडा वाचेल. आणि माझा? दोन मिरवणुका, तीन मिरवणुका. मग कधीतरी मला वाटेल, आवाज जरा कमी आहे. मी हात वर करीन. मला कळणारही नाही.

"नाही येणार," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. रागावला नाही. अब्बांनी मशीन सुरू केलं आणि कापूस उडायला लागला, पुढचं बोलणं मलाच ऐकू आलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी आम्ही आष्ट्याच्या पेठेत पत्रकं वाटत होतो. ट्रॉली अजून दोन चौक लांब, दिसत नव्हती. आधी तळपायाला कळली. मग दुकानांच्या शटरना. बरण्यांची झाकणं एकमेकांवर वाजायला लागली. मामा बाजूला होते, त्यांनी कानात कापसाचे बोळे घातलेले. मग वळणावरून आवाज आला. बेस सगळ्याच भिंतींना असतो, त्याचं नवल नाही. पण त्याच्या वरती एक धार होती, पातळ, पांढरी, पत्र्यावरून खिळा ओढावा तशी. समोरच्या घरातला पोपट पिंजऱ्याच्या तळाला जाऊन बसला.

मी ओळखली ती. दुसरा कुठलाही ऑपरेटर एवढा वर गेला नसता, अजून तरी. सांगलीला काचेच्या खोलीत त्याचं बोट जिथं थांबलं होतं त्याच्याही पलीकडं होती ती. कुठल्याही डॉक्टरच्या कागदाशिवाय, त्या चौकात उभं राहून, मला ऐकू येत होतं की त्याचं आता काय शिल्लक आहे.

गर्दी नाचत होती. ट्रॉलीवर, दिव्यांच्या मागं, त्याची सावली वाकलेली दिसली. मान हलत होती. ती मान दुखत नसावी.

मी वळले आणि पत्रक पुढच्या दुकानदारापुढं धरलं. त्यानं ते बघितलं, मला बघितलं, पण घेईना. दोन्ही हात कानांवर होते त्याचे. मी ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबलं आणि पुढच्या दुकानाकडं गेले.